दस्त्यावरचा शिक्का

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर बीड सोडून धाराशिवकडे निघाले की वाटेत चौसाळा लागते. या रस्त्याने कधी लष्करी मालमोटारींचा ताफा जाताना दिसला, तर मुलांना त्यांच्या क्रमांकाच्या पाटीकडे बघायला सांगावे. आकडे आणि अक्षरे यांच्या जोडीला पाटीवर एक छोटा बाण असतो, टोक वर केलेला. बहुतेकांना ती दिशादर्शक खूण वाटते. पण हा बाण दिशा दाखवत नाही, मालकी दाखवतो. इंग्लंडमधल्या शस्त्रखात्याची ही खूण सतराव्या शतकातही वापरात होती. तोफा, दोरखंड, शिडाचे कापड, पिंपे, जे जे सरकारी त्या त्या वस्तूवर बाण. त्या शतकाच्या अखेरीस तेथे कायदाही झाला : बाण असलेला माल खासगी माणसाकडे सापडला आणि त्याला त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर शिक्षा.

राज्य इंग्रजांचे होते म्हणून बाण हिंदुस्थानात आला आणि इंग्रज गेल्यावरही वाहनांवर टिकून राहिला. बंदुकांच्या लाकडी दस्त्यांवर तो असे आणि त्याच्याखाली बऱ्याचदा रोमन ‘आय’ हे अक्षर, म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. पुण्याजवळ खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तिथे बनलेल्या .३०३ च्या काडतुसांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ या दोन रोमन अक्षरांच्या मध्ये हाच बाण उमटवलेला असे. इतिहासाच्या पुस्तकात न सापडणारी बरीच माहिती अशा बोटभर जागेत मावलेली असते. म्हणूनच ती खोटी करण्याचा मोहही फार जुना आहे.

खोटा शिक्का ओळखायचा कसा, हा या लेखाचा विषय. त्याला लागणारी साधने शाळेत असतातच : एक भिंग, एक विजेरी आणि सनावळी.

आधी खरा शिक्का म्हणजे काय ते पाहू. बंदूक हे यंत्र आहे आणि ते फुटले तर धरणाऱ्याच्या तोंडाशी फुटते. म्हणून कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी नळीची परीक्षा होते. नेहमीपेक्षा जास्त दाब निर्माण करणारे काडतूस घालून ती उडवतात. टिकली तर तिच्यावर परीक्षेचा छाप मारतात. याखेरीज प्रत्येक भाग मापात आहे का ते तपासनीस पाहतो आणि त्यावर स्वतःचा ठसा मारतो. इंग्लंडमधल्या एनफिल्ड कारखान्याचा असा ठसा म्हणजे एक मुकुट, त्याखाली तपासनिसाचा आकडा आणि त्याखाली ‘ई’. नाव नाही, फक्त आकडा. पण त्या आकड्यामागे एक माणूस असे, आणि उद्या काही बिघडले तर कोणाला विचारायचे ते त्यावरून कळे. एकाच बंदुकीवर असे दहा-वीस ठसे सापडतात, लोखंडावरही आणि लाकडावरही. आज हेल्मेटवर आयएसआयची खूण असते किंवा दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, त्याच जातीची ही गोष्ट. खोट्या आयएसआय खुणेचे हेल्मेट आणि खोट्या परीक्षा-छापाची बंदूक यांतला धोका एकच आहे : ज्या तपासणीवर विसंबून आपण डोके पुढे करतो, ती झालेलीच नसते.

खर्ड्याची बंदूक

आता सनावळीकडे. चौसाळ्यापासून पश्चिमेला फार लांब नाही असे खर्डा गाव अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. ११ मार्च १७९५ रोजी तिथे पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली आणि निजाम अलीखानाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. निजामाकडे रेमंड या फ्रेंच सेनानीने कवायत शिकवलेल्या पलटणी होत्या, तर मराठ्यांच्या बाजूला शिंद्यांच्या कवायती पलटणी. दोन्हीकडे खांद्यावर चकमकीच्या बंदुका. अशा लढाईच्या आसपासच्या मुलखात जुनी बंदूक निघाली की ‘ही खर्ड्याची’ असे म्हटले जाणे स्वाभाविक आहे. ते खरे असू शकते. पण तपासता येते.

समजा, अशा एका बंदुकीच्या खटक्याच्या लोखंडी पट्टीवर पुढचे पाय उचलून उभा असलेला सिंह कोरलेला आहे. तो ईस्ट इंडिया कंपनीचा सिंह. कंपनीने तो बंदुकांवर वापरायला सुरुवात केली १८०८ साली. त्याआधी तिची खूण वेगळी होती : चार भागांत विभागलेले बदामाच्या आकाराचे चिन्ह, चारी भागांत रोमन अक्षरे आणि वर चारच्या इंग्रजी आकड्यासारखी (4) आकृती. मुळात ती कंपनीच्या मालाच्या गठ्ठ्यांवरची खूण. ज्यांना जुनी नाणी पाहण्याची आवड आहे त्यांना ती ओळखीची वाटेल, कारण १७९१ आणि १७९४ या सालांच्या मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या नाण्यांवर ती आहे. मागच्या बाजूला तराजू. तेव्हा बदाम असेल तर बंदूक खर्ड्याच्या काळातली असू शकते. सिंह असेल तर ती पट्टी खर्ड्याच्या रणावर असणे अशक्य. तेरा वर्षांचे अंतर आहे.

इथे लक्षात घ्यावे की सिंह खोटा नाही. शिक्का खरा, पण त्याच्याभोवती सांगितलेली गोष्ट चुकीची. माझ्या मते गावोगावच्या जुन्या शस्त्रांबाबत हा प्रकार जाणूनबुजून केलेल्या बनावटीपेक्षा जास्त आढळत असावा, आणि तो सुधारणेही सोपे आहे.

जाणूनबुजून केलेली बनावटही आपल्याकडे बंदुकांच्या आधीपासून आहे. मराठ्यांच्या सरळ, लांब पात्याच्या तलवारीला फिरंग म्हणत, कारण पाते पुष्कळदा फिरंग्यांकडून आलेले असे. युरोपातल्या नावाजलेल्या पात्यांवर कारागिरांच्या खुणा असत. इटलीतल्या जिनोआशी जोडली जाणारी एक खूण म्हणजे समोरासमोर दोन कमानी आणि त्यांना बारीक दाते. या खुणेला एवढी पत आली की जर्मनीतल्या सोलिंगेनपासून कॉकेशसपर्यंत लोहार ती आपल्या पात्यांवर ठोकू लागले, आणि हिंदुस्थानी लोहारांनीही ती उचलली. त्यामुळे फिरंगेवर दातेरी कमान दिसली म्हणजे पाते जिनोआचे, असे म्हणता येत नाही. म्हणता येते ते इतकेच की ही खूण बघून चार पैसे जास्त देणारे गिऱ्हाईक होते.

राणी वारल्यानंतरची राणी

रायफलींच्या काळात याच धंद्याचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे पेशावर आणि कोहाट यांच्या मधले दर्रा आदमखेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथले आफ्रिदी कारागीर साध्या हत्यारांनी, कानशीने घासून घासून इंग्रजी रायफलींच्या नकला करत आले. नक्कल करायची तर शिक्क्यासकट. कारागिराला रोमन लिपी येत नसे. त्याच्या दृष्टीने ते अक्षर नव्हतेच, ती नक्षी होती. म्हणून त्यांच्या कामात रोमन ‘एन’ उलटा, ‘एनफिल्ड’च्या हिज्जेमध्ये एखादे अक्षर गळालेले किंवा जास्तीचे, असे दोष सर्रास सापडतात. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी अशा रायफली आठवण म्हणून पुष्कळ विकत घेतल्या.

पण त्याहून गमतीदार चूक काळाची. इंग्रजी रायफलीवर मुकुटाखाली राज्यकर्त्याची आद्याक्षरे असत. व्हिक्टोरिया राणीची ‘व्ही. आर.’, सातव्या एडवर्डची ‘ई. आर.’, पाचव्या आणि सहाव्या जॉर्जची ‘जी. आर.’. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात जॉर्जच्या अक्षरांपुढे आणखी एक ‘आय’ येई, कारण हिंदुस्थानात तो सम्राट. व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ रोजी वारली. ज्याला आपण सर्वसाधारणपणे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतो ती आखूड ली-एनफिल्ड रायफल प्रचारात आली त्यानंतर, आणि तिचा सर्वांत परिचित तिसरा नमुना तर १९०७ चा. तेव्हा ‘व्ही. आर.’ आणि खाली १९१० असा शिक्का असेल, तर राणीला वारून नऊ वर्षे झाल्यावर तिच्या नावाने शिक्का मारणारे कोण, हा प्रश्न विचारायलाच हवा.

विद्यार्थ्यांना ही कसोटी फार आवडते, कारण त्यात पकडल्याचा आनंद आहे. परंतु इथेच सावध राहायचे. आखूड रायफलींमध्ये अशा अस्सल रायफली आहेत की ज्यांच्या लोखंडावर व्हिक्टोरियाची अक्षरे दिसतात. १८९० च्या दशकातल्या लांब ली-मेटफर्ड आणि ली-एनफिल्ड रायफली टाकून देण्याऐवजी इंग्लंडमध्ये आणि ईशापूरला त्या नव्या आखूड नमुन्यात बदलून घेतल्या गेल्या. जुन्या भागावरचे जुने शिक्के राहिले आणि बदल केल्याचा नवा शिक्का शेजारी आला. म्हणजे राणीचे नाव आणि आखूड नमुना एकत्र दिसणे ही विसंगती खरी, पण तिला उत्तर आहे, आणि ते उत्तरही लोखंडावरच ठोकलेले आहे. नकली रायफलीत एकाच शिक्क्यात राणी आणि नंतरचे साल असते. बदललेल्या रायफलीत राणीचे साल राणीपाशी आणि बदलाची नोंद वेगळी. विसंगती दिसताक्षणी ‘बनावट’ असा निकाल देणारा परीक्षक दर्ऱ्याच्या कारागिराइतकाच घाईत असतो.

सनावळीची ही कसोटी नाण्यांनाही लागते. १८१८ साल, कंपनीचे इंग्रजी नाव आणि मागे मारुती किंवा रामपंचायतन असलेले तांब्याचे ‘आण्याचे नाणे’ आजही चमत्कारी म्हणून लाखालाखांच्या गोष्टी सांगून विकायला निघते आणि लोक फसतात. कंपनीने असे नाणे कधी काढले नाही.

लाकूड काय सांगते

आतापर्यंत आपण शिक्का वाचला. आता तो न वाचता बघू. रायफलीचा लाकडी भाग, आपण त्याला सरसकट दस्ता म्हणू, हा या बाबतीत लोखंडापेक्षा बोलका आहे, कारण लाकूड मऊ असते आणि वापर लक्षात ठेवते.

इंग्रजी रायफलींचा दस्ता प्रामुख्याने अक्रोडाचा असे. दुसऱ्या महायुद्धात अक्रोड पुरेना तेव्हा बीच आणि बर्चही वापरले गेले. ऑस्ट्रेलियात लिथगो येथे बनलेल्या रायफलींना तिथलेच क्वीन्सलँड मेपल आणि कोचवुड. दस्त्याला जवसाचे तेल मुरवत. मराठवाड्यातल्या मुलांना जवस चटणीमुळे ठाऊक असतो. त्याच्या तेलाचा गुण असा की हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या रंध्रांत बसून जाते. पुढे शिपायाचा घाम, धूळ, वंगण आणि पुन्हा तेल असे थर वर्षानुवर्षे चढत जातात, आणि हाताळणीने कडा गोल होतात.

कारखान्यातला तपासनीस ठसा मारतो तो या सगळ्याच्या आधी, किंवा अगदी सुरुवातीला. ठशाखालचे तंतू दाबले जातात, मग त्या खळग्यात तेल आणि मळ उतरतो, मग कडा झिजतात. शंभर वर्षांनी कोणी जुन्या दस्त्यावर नवा ठसा मारला, तर क्रम उलटा होतो. घट्ट झालेला तेलाचा थर ठशाच्या कडेला तडकतो, कडा धारदार राहतात, खळग्याच्या तळाशी लाकूड उजळ दिसते. बनावट करणारा मग त्यात बुटाचे पॉलिश भरतो. ते वरून काळे दिसते खरे, पण तंतूंत मुरलेले नसते.

याहून पक्का पुरावा म्हणजे कोण कोणाच्या वर आहे. पावसानंतर काळ्या मातीच्या वाटेवर बैलांचे खूर आणि गाडीच्या चाकोऱ्या उमटतात. चाकोरी खुरावरून गेली असेल तर गाडी मागून आली. खूर चाकोरीत उमटला असेल तर बैल मागून आला. भूशास्त्रज्ञ खडकांच्या थरांचा क्रम लावतात तो याच तर्काने. दस्त्यावर जुने ओरखडे, पोचे असतात. ओरखडा ठशाच्या अक्षरावरून गेला असेल तर ठसा आधीचा. अक्षराने ओरखडा तोडला असेल तर ठसा नंतरचा. मात्र नंतरचा म्हणजे खोटाच असे नाही. दुरुस्तीला गेलेल्या रायफलीवर दुरुस्ती करणारे शस्त्रागारही आपले ठसे मारी, आणि फुटलेला दस्ता सर्रास बदलला जाई. लोखंड इंग्लंडचे आणि लाकूड हिंदुस्थानचे, ही जोडी अगदी सरळमार्गी असू शकते. उलट वीस वर्षे सैन्यात राबलेल्या रायफलीवर सगळे ठसे एका ओळीत, एका खोलीचे, एकाच कोनातून मारलेले दिसले, तर मला जास्त संशय येतो. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या टेबलांवर मारलेले ठसे इतके शिस्तीत बसत नाहीत.

हे वर्गात करून बघता येते. मऊ लाकडाचा गुळगुळीत केलेला तुकडा घ्या. अक्षरांचे किंवा आकड्यांचे लोखंडी ठसे लोहाराकडे अथवा यंत्रदुरुस्तीच्या दुकानात मिळतात. एक ठसा मारा, मग आठवडाभराच्या अंतराने जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्या, दरम्यान मुलांना तो तुकडा भरपूर हाताळू द्या. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच ठशाने शेजारी दुसरी खूण करा आणि दोन्ही भिंगातून पाहा. (तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून ठेवू नये. तेल सुकताना उष्णता निघते आणि बोळ्यात ती कोंडून चिंध्या आपोआप पेटल्याची उदाहरणे आहेत. चिंध्या पसरून वाळवाव्यात.) तिसरी खूण ठशाने न मारता टोकदार चाकूने कोरा. आता तिन्हींवर ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री क्षणभर टेकवा. ठशाची खूण फुगून पुष्कळशी भरून येते, कारण तिथे तंतू दबलेले होते, तुटलेले नव्हते. वाफ मिळताच ते उठतात. कोरलेली खूण तशीच राहते. म्हणजे दस्त्यावरची खूण ठोकलेली आहे की कोरलेली, हा प्रश्न निव्वळ वाफेने सुटतो. अर्थात हा प्रयोग आपल्या तुकड्यावरच करायचा, जुन्या शस्त्रावर कदापि नाही.

जुन्या शस्त्रासाठी विजेरी पुरे. खोली अंधारी करून प्रकाश दस्त्याला जवळजवळ समांतर, बाजूने टाकावा. समोरून न दिसणारा झिजलेला ठसाही सावल्यांमुळे उठून दिसतो. अष्टमीच्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरे ठळक दिसतात आणि पौर्णिमेला सपाट वाटतात, त्याचे कारणही हेच.

बनावटीचा बाजार लाकडात जास्त चालतो, कारण लाकडावर ठसा मारणे सोपे. अमेरिकेत जुन्या लष्करी रायफलींच्या दस्त्यांवर चौकटीत तपासनिसाची आद्याक्षरे असत; ती ठळक असली की किंमत वाढते, म्हणून झिजलेले दस्ते घासून त्यांवर ताजी चौकट उमटवण्याचा उद्योग तिथे फोफावला. पण घासलेल्या दस्त्याचे लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा किंचित खाली जाते. मूळचे लाकूड लोखंडाच्या बरोबरीने किंवा थोडे वर असते. बोट फिरवले तरी हे कळते.

शिक्का लावण्याप्रमाणे शिक्का पुसणे हाही एक उद्योग आहे. कवायतीपुरत्या ठेवलेल्या, उडवण्यास अयोग्य ठरवलेल्या रायफलींवर ‘डी. पी.’ ही रोमन अक्षरे मारीत. दोन बाण टोकाला टोक लावून काढले असतील तर त्याचा अर्थ माल सरकारी मालकीतून विकला गेला. यांतली ‘डी. पी.’ची खूण घासून रायफल चालू म्हणून विकणे हे वर सांगितलेल्या सर्व बनावटींपेक्षा वाईट, कारण तिथे नुसती किंमत फुगवलेली नसते, कोणाचा तरी डोळा जायचा असतो. लोखंडाच्या बाबतीत मात्र पुसणाऱ्याची पंचाईत होते. ठसा मारताना वरचा थर दबतो तसे खालच्या धातूचे स्फटिकही विस्कटतात. अक्षर दिसेनासे होईपर्यंत घासले तरी विस्कटलेला भाग खाली उरतो आणि त्याच्यावर आम्लाचा परिणाम भोवतालच्या धातूपेक्षा वेगळा होतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पुसलेले क्रमांक पुन्हा वाचतात ते असे. चोरीच्या मोटारसायकलींच्या बाबतीत ही रीत नेहमीच्या कामातली आहे.

चौसाळ्याच्या मुलखात शिक्क्यांची सरमिसळ होण्यास इतिहासच कारणीभूत आहे. हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. रेमंड मार्च १७९८ मध्ये वारला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्रजांनी हैदराबादेत त्याच्या पलटणींची शस्त्रे उतरवून घेतली. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिंजंट ही फौज उभी राहिली; तिच्या घोडदळाची एक छावणी बीड जिल्ह्यातच मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला होती. १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळली. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आले आणि हैदराबाद संस्थान संपले. दीडशे वर्षांत फ्रेंच वळणाच्या पलटणी, कंपनी, निजाम, राणी, सम्राट आणि शेवटी भारत सरकार. ईशापूरच्या रायफलींवरचा मुकुटही स्वातंत्र्यानंतर गेला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. थ्री नॉट थ्री मात्र पोलिसांच्या खांद्यावर आणखी कित्येक दशके राहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० साली.

दर्ऱ्याची नक्कल हाती आली तर ती फेकून देण्याच्या लायकीची समजू नये. उलटा ‘एन’ हा त्या कारागिराचा दाखला आहे; एक अक्षर न वाचता त्याने अख्खी रायफल कानशीने उभी केली. तिच्यासमोर ‘एनफिल्ड, १९१०’ अशी चिठ्ठी लावणे चूक, आणि ‘इंग्रजी रायफलीची सरहद्दीवरील नक्कल’ अशी लावली तर ती संग्रहालयातली चांगली वस्तू. फक्त ती उडवून बघायची नाही.

गावात कोणाच्या माळ्यावर जुनी बंदूक निघाली आणि शाळेत विचारणा आली, तर आधी पोलीस ठाण्याला कळवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पुराणवस्तू म्हणून जमा होणाऱ्या, पुन्हा उडवता न येणाऱ्या शस्त्रांना सवलत आहे, पण एखादी बंदूक त्यात बसते की नाही हे ठरवणे शिक्षकाचे काम नव्हे. नळीत बार भरलेला असू शकतो. ठासणीच्या बंदुकीत तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिल्याचे आढळले आहे, म्हणून तोंड कोणाकडेही करू नये. फोटो काढावेत, समोरून आणि बाजूच्या उजेडात असे दोन्ही, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि घरमालकाला हौसेने दस्ता पॉलिशकागदाने घासून चकचकीत करू देऊ नये. ठसे सहसा अर्धा मिलिमीटरही खोल नसतात. एका दुपारच्या घासण्यात ते जातात.